सात नंबरच्या पिशवीतला अकरावा कपडा

३ तारीख, सोमवार

आणि वर मलाच सांगते, की आई, तुझ्या हातच्या चिठ्ठ्या कुणाला वाचता येत नाहीत! एकवीस वर्षं बऱ्या वाचता आल्या त्या. एकवीस वर्षं या लॉन्ड्रीत आलेल्या एकूण एक कपड्याला मी माझ्या हातानं नंबर लिहिलाय. अक्षर वाकडं असेल, वेलांटी चुकली असेल, नंबर नाही चुकला. शाळा चौथीत सुटली, पण आकडे सुटले नव्हते.

आता लेक सुट्टीवर आली आहे आणि तिला घरात बसवत नाही. दुकानाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडलाय. पिशवीचा नंबर घालायचा, आतले कपडे एकेक घालायचे, की शेजारचं यंत्र चरचर करत कपड्यागणिक एक नंबराची पट्टी काढतं, आणि खाली सगळ्यांची मिळून एक चिठ्ठी. पट्ट्या टाचायच्या, चिठ्ठी पिशवीला लावायची. झालं. माझं काम काय? टाचण्या.

माझी चिठ्ठ्यांची वही रिकामी पडली. कोरी पानं फुकट कशाला घालवायची म्हणून यात लिहितेय.

शनिवारी वृद्धाश्रमाच्या पहिल्या बावीस पिशव्या आल्या. हे काम मिळवायला मी तीन महिने जोडे झिजवलेत. समोर नाणं टाकून आपले आपण कपडे धुवायचं दुकान निघाल्यापासून आमची गिऱ्हाइकं निम्म्यावर आली. आश्रमाच्या मेट्रनबाई म्हणाल्या, "महिनाभर बघू. एकही तक्रार नको." हे काम हातचं गेलं तर मोठं मशीन बंद करावं लागेल, आणि इस्त्रीवाल्या काकांना घरी बसा म्हणावं लागेल. त्यांना ते मी कुठल्या तोंडानं म्हणू?

त्या गडबडीत एका पिशवीला एक पट्टी कमी पडली. विचारायला गेले तर बाईसाहेबांच्या कानात ती गाण्याची बोंडं. दोनदा हाक मारली. मग म्हटलं, मरू दे. कपडा टाकला बेवारस टोपलीत.

६ तारीख, गुरुवार

बावीस पिशव्या परत गेल्या. मेट्रनबाईंनी चिठ्ठी धरून एकेक कपडा मोजून घेतला. सगळं चिठ्ठीबरहुकूम. "छापील चिठ्ठी! छान," म्हणाल्या. लेकीला सांगितलं नाही. डोक्यावर बसेल.

ही सुट्टी किती दिवसांची आहे? विचारलं तर "आहे जरा" म्हणते. येताना उशी आणली, झाडाची कुंडी आणली, आणि चहाची किटली. आमच्याकडे किटली नाही का?

१० तारीख, सोमवार

इस्त्रीच्या वाफेच्या नळीला काकांचा हात पुन्हा भाजला. महिन्यातला तिसरा फोड. दाखवत नाहीत, बाही खाली ओढतात. मी म्हटलं, "काका, काही बोलाल की नाही?" तर म्हणतात, "वहिनी, नळीला काय बोलणार, तिचा स्वभावच गरम आहे."

बेवारस टोपलीत बघितलं. आपला नियम साधा आहे. पट्टी नसलेला कपडा आठ दिवस टोपलीत राहतो, कुणी आलं नाही की त्याची चिंधी. एक जुनाट स्वेटर सापडला, मातकट, विटका, एका कोपराला हिरवं ठिगळ. पण लोकर जाड आणि अस्सल. डावी बाही खांद्यापासून कापली आणि नळीवर चढवली. अशी बसली, जणू नळीचं माप घेऊनच विणली होती. बाकीचा स्वेटर चिंध्यांच्या पेटीत. काकांनी नळीवर हात ठेवून बघितला आणि लहान मुलासारखे हसले. आजचा दिवस कारणी लागला.

१५ तारीख, शनिवार

मेट्रनबाई स्वतः आल्या. मला वाटलं शाबासकी द्यायला.

सात नंबरच्या पिशवीतला एक स्वेटर हरवलाय. सात नंबर म्हणजे त्यांचे म्हातारे मास्तर. आठवडाभर ते कुणाला बोललेच नाहीत, चादर गुंडाळून बसून राहिले. काल थंडी वाढली, कुणीतरी दुसरा स्वेटर आणून दिला, तर घालीनात. तेव्हा कळलं. बायकोनं विणलेला होता. ती आता नाही.

मेट्रनबाई म्हणाल्या, "सुंदर हातविणीचा, चॉकलेटी रंगाचा."

मी म्हटलं, "चॉकलेटी काही आलंच नाही बाई. माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक कपडा मला आठवतो."

"चिठ्ठीवर पण नाही," त्या म्हणाल्या. "पण मास्तर खोटं बोलत नाहीत. महिनाअखेरीला आपल्याला ठरवायचंय, ठाऊक आहे ना?"

त्या गेल्या आणि माझं डोकं फिरलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी मी लेकीवर तोंड सोडलं. वहीत लिहीत होते तोवर एक रुमाल हरवला नाही! ती कॉम्प्युटरकडे तोंड करून बसून राहिली, मान लाल झाली होती.

१७ तारीख, सोमवार

सापडलं. स्वेटर नाही, खोट सापडली.

लेकीनं मला सांगितलं, मी समजले ते लिहिते. कॉम्प्युटरमध्ये कामं करायला फंक्शन नावाची गोष्ट लिहितात. फंक्शन म्हणजे एक काम नेमून दिलेला माणूस समज, म्हणाली. त्याला आधी सांगून ठेवायचं, की बाबा, तुझ्या हातात इतक्या वस्तू येणार. हिनं एका कपड्याच्या पिशवीसाठी एक माणूस ठेवला, दोनसाठी दुसरा, तीनसाठी तिसरा, असे दहापर्यंत दहा.

मी म्हटलं, "आणि अकरा आले तर?"

"तर दहावाल्याकडे जातात. तो पहिले दहा घेतो."

"आणि अकरावा?"

ती नखानं टेबलाची कड खरवडायला लागली.

"अकरावा कुठे जातो, विचारतेय मी!"

"कुठेच नाही. मी तात्पुरतं तसं लिहिलं होतं, आई. नंतर नीट करू म्हणून. राहून गेलं."

मास्तरांच्या पिशवीत अकरा कपडे होते. अकराव्याला पट्टी नाही, चिठ्ठीवर जागा नाही. चिठ्ठीवर नाही म्हणजे जगात नाही.

मग मी जे बोलले ते लिहायला नको, पण लिहिते. "तुझ्या ऑफिसात पण असंच चालतं का? तात्पुरतं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. उठून मागे दोऱ्यांवर चादरी वाळतात तिथे गेली आणि तासभर आली नाही. काका दिवसभर माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "वहिनी, सुट्टीला कुणी उशी घेऊन येतं का?"

हे काय उत्तर झालं? मान अवघडते तिची, लहानपणापासून.

१८ तारीख, मंगळवार

लेक सकाळी आश्रमात जाऊन मास्तरांना भेटून आली. कागदावर लिहून आणलं आणि मला वाचून दाखवलं. चॉकलेटी, पण आता बराच विटलेला. पुढे पाच बटणं, एक वेगळं. डाव्या कोपराला हिरवी लोकर. बायको गेल्यावर कोपर फाटलं तेव्हा मास्तरांनी स्वतः रफू केलं. घरात तेवढीच लोकर होती.

ती पुढे काहीतरी वाचत होती, मला ऐकू आलं नाही. मी नळीकडे बघत होते. काका इस्त्री ओढत होते, वाफ फुसफुसत होती, आणि नळीवर ते हिरवं ठिगळ माझ्याकडे बघत होतं.

माझी कात्री. माझा आठ दिवसांचा नियम. माझी टोपली. दोनदा हाक मारून "मरू दे" म्हणाले ती मीच.

चिंध्यांच्या पेटीतून उरलेला स्वेटर काढला, घडी घातली आणि माझ्या पिशवीत लपवला. काकांनी बघितलं. इस्त्री पुढे ओढत राहिले.

लेकीला आज सांगितलं नाही. भित्री म्हणा मला.

१९ तारीख, बुधवार

दुपारी जरा उसंत होती. बघते तर लेक कॉम्प्युटरवर तेच तेच पुन्हा लिहीत होती. अकरावाला माणूस, बारावाला माणूस. तीसपर्यंत करणार म्हणे.

"आणि एकतीस आले तर?"

"आई, प्लीज."

"नाही, मला सांग. मला काही कळत नाही म्हणूनच सांग. अकरा कपडे आले म्हणून मी अकरा कपड्यांचा वेगळा टब आणते का?"

ती वैतागून म्हणाली, "नुसती संख्या नाही गं. प्रत्येक कपडा वेगळ्या जातीचा. लोकर आली तर थंड पाण्याची पट्टी, चादर आली तर उकळत्याची, कोट आला तर पाणीच नको. कुठल्या जागी काय येईल ते आधी ठाऊक नसतं, किती येतील तेही नाही. तू करून बघ."

करून बघ! मला! मी ताडकन उठले, एक पिशवी टेबलावर उलटी केली आणि म्हटलं, "हे बघ. मोजत बसत नाही मी. वरचा कपडा घेते. कसला आहे? सदरा. सदऱ्याचं करायचं ते केलं. झाला. उरलेला गठ्ठा पुन्हा द्यायचा."

"उरलेला कुणाला द्यायचा?"

"कुणाला म्हणजे? मलाच. दुसरं कोण आहे इथे? पुन्हा वरचा घेते. कसला आहे? लोकर. लोकरीचं करायचं ते केलं. उरलेला पुन्हा मला. गठ्ठा दोनाचा असो की दोनशेचा, मला काय फरक पडतो? मला एकच कपडा बघायचा असतो. वरचा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता भांडणार.

"पुन्हा कर," म्हणाली.

"काय पुन्हा कर? कामं पडलीत."

"आई, एकदा. सावकाश."

पुन्हा करून दाखवलं. पाच कपडे, एकेक. तिनं कानातली बोंडं काढून टेबलावर ठेवली होती. इतकं लक्ष देऊन ती माझं बोलणं ऐकतेय, असं शेवटचं कधी झालं होतं, आठवत नाही. मग वळली आणि जे टकाटका लिहायला लागली ते चहा गार झाला तरी थांबली नाही. होती नव्हती ती सगळी माणसं पुसून टाकली. म्हणाली, "आता एकच. कितीही घेईल, कसलंही घेईल. एकाचं काम करेल आणि बाकीचं पुन्हा स्वतःच्याच हातात देईल."

मी म्हटलं, "मग? तेच तर करतेय मी एकवीस वर्षं."

२० तारीख, गुरुवार

यंत्र अडून बसलंय. सुरूच होईना. लेक कपाळाला हात लावून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "शेवटचा कपडा झाला की उरलेलं पुन्हा हातात द्यायचं ना? पण उरलेलं काहीच नाही. आणि काहीच नसलेलं घेणारं कुणी मी लिहिलंच नाही. म्हणून ते म्हणतं, हे आधी सांगा, त्याशिवाय मी काम हातात घेत नाही."

मला तर ते यंत्र शहाणं वाटलं. शेवट ठरल्याशिवाय सुरू करत नाही.

"तू काय करतेस?" तिनं विचारलं. "गठ्ठा संपल्यावर?"

"काय करणार? चिठ्ठीखाली रेघ मारते, पिशवीची घडी घालते, टेबल पुसते."

"पिशवी मुळातच रिकामी आली तर?"

"तरी तेच. रेघ, घडी, पुसणं. रिकामी आली म्हणून पिशवी परत द्यायची नाही का?"

तिनं तेवढं लिहिलं. दोन ओळी असतील. आणि यंत्र सुतासारखं सरळ चालायला लागलं. मी म्हटलं, "एवढं सोपं होतं तर कॉलेजात चार वर्षं काय शिकवलं?" काका इस्त्रीवरून म्हणाले, "कॉलेजात धुणं शिकवत नाहीत, वहिनी." लेक हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

त्या हसण्यामुळे स्वेटरचं सांगायचं आजही राहिलं. हसू घालवायचं नव्हतं. खोटं कशाला, मला माझी लाज वाचवायची होती.

२१ तारीख, शुक्रवार

सांगितलं. दुकान उघडल्या उघडल्या. पिशवीतून स्वेटर काढून टेबलावर ठेवला, नळीकडे बोट केलं, आणि म्हटलं, "मी कापला."

तिनं स्वेटर हातात घेतला. बाहीची रिकामी जागा चाचपली. मला वाटलं आता माझेच शब्द मला परत मिळणार, आणि मिळायलाच हवे होते.

"दहाची मर्यादा मी लिहिली," म्हणाली.

"कात्री मी चालवली."

"मी नीट लिहिलं असतं तर टोपलीत गेलाच नसता."

"मी टोपलीत टाकला. दोन हाका मारून सोडून दिलं कुणी? मीच."

"माझ्या कानात गाणं होतं म्हणून ऐकू आलं नाही!"

काका म्हणाले, "दोघींनी आधी ठरवा, मग मी बाही काढू की ठेवू ते सांगा."

मग ती म्हणाली, "आई, मलाही तुला एक सांगायचंय," आणि तेवढ्यात एक पडदेवाला दुकानदार आला, दोन पोती घेऊन. नंतर विचारलं तर म्हणाली, सांगेन कधीतरी. पगारवाढीचं असेल.

दुपारी दोघी आश्रमात गेलो. बाही नळीवरून काढली होती, पण वाफेनं आवळून कडक झालेली, पुठ्ठ्यासारखी. लहान पोराचा हातही गेला नसता. मी मास्तरांच्या खाटेपाशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. मेट्रनबाई दारात उभ्या होत्या. म्हटलं, ऐकू देत. काम जाईल तर जाईल.

मास्तरांनी ती कडक बाही हातात घेतली. हिरव्या ठिगळावर अंगठा फिरवला.

"हिचं काय केलं होतंत, बाई?"

"वाफेच्या नळीवर चढवली होती."

"कशाला?"

"आमच्या इस्त्रीवाल्यांचा हात भाजत होता."

"आता भाजत नाही?"

"नाही."

"मग तिथेच चढवा परत," म्हणाले. "कोपर बरं रफू केलं होतं की नाही मी?"

मी म्हटलं, "फार बरं." लेकीनं सांगितलं, आई नवीन बाही विणून देईल. मास्तर म्हणाले, "तो रंग आता मिळायचा नाही. हिरवी विणा. ठिगळ वाढत वाढत खांद्यापर्यंत गेलं म्हणू."

तोवर एका बाहीचाच घालतो म्हणाले, आणि घातला. डावा हात चादरीत.

मेट्रनबाई काहीच बोलल्या नाहीत. त्याचीच भीती वाटते.

२२ तारीख, शनिवार

आश्रमाच्या पिशव्या. एकीत एकच टोपी. एकीत सतरा कपडे. सतराच्या सतरा पट्ट्या निघाल्या, मी हातानंही मोजल्या, माझी खोड आहे. लोकरीला थंड, चादरीला उकळतं, सगळं बरोबर. बारा नंबरची पिशवी रिकामी आली. त्या आजी दवाखान्यात आहेत, पण पोत्यात बाकीच्यांबरोबर पिशवी आलीच. जुन्या दहा माणसांनी तिचं काय केलं असतं देव जाणे. नव्यानं एक चिठ्ठी काढली. "बारा नंबर. कपडे शून्य. पिशवी परत." आणि खाली रेघ. रेघ मारायला मी सांगितलं होतं.

बेवारस टोपलीचा नियमही बदलला. आता आधी विचारायचं, मग वाट बघायची. कात्री काकांच्या ताब्यात.

२४ तारीख, सोमवार

मेट्रनबाईंचा निरोप आला म्हणून पिशव्या आजच पोचत्या केल्या. महिना संपायचा आहे, पण त्यांनी आजच सांगितलं. काम आमच्याकडेच.

मी विचारलं, "मास्तरांनी सांगितलं का?"

"मास्तरांनी सांगितलंच," म्हणाल्या. "पण मी ती बारा नंबरची चिठ्ठी बघितली. मागच्या लॉन्ड्रीवाले रिकामी पिशवी फेकून द्यायचे. आजी परवा परत येतायत. मी पिशवी त्यांच्या खुंटीला लावून ठेवलीय."

काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी उद्यापण यायचं?" आणि नळीवर हात ठेवला.

बाही कोपरापर्यंत विणून झाली.

२५ तारीख, मंगळवार

आज काका म्हणाले, "वहिनी, तिच्या ऑफिसचा एक तरी फोन आलेला ऐकलात का?" मी म्हटलं, "चांगलं ऑफिस आहे, सुट्टीत त्रास देत नाही." काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी एक टाका चुकीचा विणला आणि उसवला.

हे पुढचं तुझ्यासाठी लिहितेय, पोरी. वही टेबलावर उघडी ठेवणार आहे. तोंडानं बोलायला गेले तर मी काहीतरी भलतंच बोलेन, सतरा तारखेसारखं.

दोन पोती पडदे आहेत, आश्रम आहे, आणि तो पडदेवाला विचारत होता की हे चिठ्ठीचं यंत्र त्याच्या दुकानात बसवून मिळेल का. मला काय ठाऊक? मी म्हटलं, लेकीला विचारून सांगते. वरचा कपडा मी घ्यायचा, उरलेला गठ्ठाही मलाच, असं तुझे बाबा गेल्यापासून चाललंय. चालतं. पण चांगलं चालतं असं नाही.

तुझ्या ऑफिसला काय कळवायचं ते कळव. कळवण्यासारखं काही नसेल तर नको कळवू, मी विचारणार नाही. तुला जे सांगायचंय ते पाहिजे तेव्हा सांग. त्याला तारीख नाही.

याला आहे. दुकानाच्या बोर्डाचा रंग उडालाय, रंगवाला शुक्रवारी सकाळी येतोय. बोर्डावर किती नावं घालायची ते मला त्याला सांगायचंय. एक की दोन. गुरुवारी शटर ओढायच्या आत सांग. "बघू" म्हणायचं नाही, आणि "तात्पुरतं" तर मुळीच नाही.